नाव गेल्याशिवाय मखमल उघडणार नाही

मंगळवार, ३ ऑक्टोबर २०२३

माइलिस आली होती! मागच्या दाराने, न कळवता, लहानपणी घुसायची तशीच. चौतीस वर्षांची घोडी झाली, पण पायपुसण्याला पाय पुसायची अक्कल अजून नाही. गळ्यात पडली आणि म्हणाली, "संपला! माझा सिनेमा संपला, मादाम आर्लेत!"

'अंगठ्याची शिवण' असं नाव ठेवलंय. आमच्या गावच्या हातमोज्यांच्या कारखान्यावर आहे. तो बंद पडला तेव्हा बायका दारात ठाण मांडून बसल्या होत्या, त्याची गोष्ट. शूटिंग मागच्या वर्षी इथेच झालं. अर्ध्या गावाने काम केलंय. खाटकाची बायको तर कॅमेऱ्यासमोर खरंखुरं रडली, आणि तेव्हापासून मटण कापताना नटीसारखी मान वळवते.

आणि पहिला खेळ इथे! माझ्या 'एतवाल' थिएटरमध्ये! शनिवारी, १८ नोव्हेंबरला. पॅरिसच्या आधी, शेजारच्या रोदेज शहराच्या आधी. बाकी देशात बुधवारी लागेल, आमच्याकडे नवे सिनेमे त्याच दिवशी लागतात.

मी म्हटलं, "पोरी, माझ्या निम्म्या खुर्च्या कुरकुरतात." ती म्हणाली, "त्या कुरकुरीतच मी सिनेमा शिकले." रडले मी. वय झालं की नळ गळायला लागतो.

बुधवार, ४ ऑक्टोबर

लिओन्सला, माझ्या मशीनवाल्याला, सांगितलं. तो वर मशीनच्या खोलीत, मी खाली पडद्यापाशी — उभा जन्म आमचा असाच गेला. "बरं," एवढंच म्हणाला. मग तासभर त्याने मशीनची काच पुसली. स्वच्छच होती.

सोमवार, ९ ऑक्टोबर

शिंकली माशी!

माइलिसचा फोन. "एक छोटीशी अट आहे." छोटीशी! तिच्या सिनेमात मोठा पैसा सरकारी टीव्हीच्या सिनेमा-शाखेचा आहे. ते मला माहीतच होतं. हल्ली त्यांच्याशिवाय कोणाचं पान हलतं? पण त्यांची एक बाई पहिल्या खेळाला येणार आहे, आणि करारात लिहिलंय म्हणे, की सुरुवातीला वाहिनीचं नाव येतं ते प्रेक्षकांना पूर्ण दिसलं पाहिजे. "म्हणजे मखमल थोडी आधी उघडायची. नाव येण्याआधी. क्षणभराचा तर प्रश्न आहे, मादाम."

क्षणभराचा! सगळं गाव जाणतं, तीही जाणते. या थिएटरचा नियम आहे. आधी जाहिराती, मग लाल मखमलीचा पडदा बंद, मग आईस्क्रीम. मग दिवे जातात, सिनेमा सुरू होतो. पहिल्यांदा टीव्हीचं नाव येतं, त्याची वाजंत्री वाजते. ती संपली की मगच मी हँडल फिरवते आणि मखमल उघडते. तोवर लिओन्स वर उजेड अडवायला मशीनची झडप लावून ठेवतो. काळोखात नुसता आवाज. आवाजाला माझा इलाज नाही. पण टीव्हीचं नाव माझ्या पांढऱ्या पडद्यावर आजवर पडलेलं नाही, आणि पडणार नाही.

मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "विचार तरी करा ना." मी म्हटलं, "झाला करून."

मंगळवार, १० ऑक्टोबर

विचार करा म्हणे! चोपन्न-पंचावन्न वर्षं दुसरं काय करतेय?

मी सोळाची होते. रविवारची संध्याकाळ, बाबांचा सगळ्यात भरवशाचा खेळ. त्या दिवशी टीव्हीवर सिनेमा होता. गावात तेव्हा मोजके टीव्ही, पण पुलाजवळच्या कॅफेवाल्याने नवा आणला होता आणि खुर्च्या रस्त्यापर्यंत मांडल्या होत्या. आई तिकीट-खिडकीत बसून हातमोजे शिवत होती — ती नेहमीच शिवायची, दोन तिकिटांच्या मध्ये एक बोट. त्या दिवशी तिची अख्खी जोडी शिवून झाली. एकच माणूस आला. लिओन्स. विशीतला, बेकार, कॅफेत बसायला पैसे नव्हते म्हणून आला असेल असं आई म्हणाली. पण तिकिटाला होते की!

बाबांनी खेळ रद्द केला नाही. कोट घातला, टाय लावला, मखमल उघडली आणि एका माणसासाठी पूर्ण सिनेमा दाखवला. मध्यंतरात त्याला आईस्क्रीमही विकलं. पुढच्या महिन्यात लिओन्स मशीनवर कामाला लागला.

पुढे काय झालं? ज्यांनी आमच्या खुर्च्या रिकाम्या केल्या तेच सिनेमाला पैसे पुरवायला लागले, आणि सुरुवातीला आपलं नाव मिरवायला लागले. चोराने घर फोडायचं आणि वर उंबऱ्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावायची! बाबा म्हणाले, "आर्लेत, त्यांचं नाव गेल्याशिवाय मखमल उघडायची नाही." नाही उघडली. बाबा गेले त्या आठवड्यातसुद्धा नाही.

माझ्या घरी टीव्ही नाही. कधीच नव्हता.

रविवार, १५ ऑक्टोबर

गावात बातमी फुटली. पाव घ्यायला गेले तर बेकरीत एकदम शांतता. म्हणजे माझ्यावरच चाललं होतं.

चर्चवरून परतताना नगराध्यक्ष काब्रोलिए आडवा आला. पोटाला हुद्द्याचा तीनरंगी पट्टा नसला तरी चालताना तो असल्यासारखाच चालतो. "आर्लेतबाई, गावाची इज्जत आहे. पॅरिसहून माणसं येणार. तुमच्या एका चिंधीपायी पहिला खेळ रोदेजच्या मॉलमध्ये जाऊ द्यायचा?"

"चिंधी कोणाला म्हणतोस? याच चिंधीमागे तू शाळा बुडवून लपायचास."

"तो मुद्दा नाही."

"मीच तुझ्या आईपासून तुला लपवलं होतं. मुद्दा आहे."

मागे उभ्या बायका हसल्या. तो लाल झाला. पण जाता जाता म्हणालाच, "हट्टाला पेटलात की तुम्हाला पोरीचं नुकसानही दिसत नाही." रस्ताभर ते टोचत राहिलं. पोरीचं नुकसान.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

मोडेन पण वाकणार नाही. (हे लिहून ठेवते, कारण आज सकाळी जरा वाकावंसं वाटलं होतं.)

गुरुवार, २६ ऑक्टोबर

टीव्हीवाली बाई स्वतः आली!

वाटलं होतं उंच टाचा, सुगंधाचा लोट, हातात दोन फोन. निघाली भलतीच. बेरांझेर ओझान नाव. पन्नाशीची, सपाट चपला, नाक सर्दीने लाल. रोदेजहून टॅक्सीने आली आणि पहिलं वाक्य — "काही गरम मिळेल का?" शत्रू झाला तरी उपाशी कसा ठेवायचा? लिओन्सने पालेभाजीच्या पुऱ्या — आमचे फार्सू — तळून आणल्या होत्या. बाईने बोटं चाटून खाल्ल्या. मग भांडायला बसलो.

ती म्हणाली, "मादाम देल्प्यूश, ही पटकथा सगळ्यांनी नाकारली होती. आमच्याकडेसुद्धा. मी बैठकीत ती तीनदा मांडली. पहिल्यांदा म्हणाले, हातमोजे शिवणाऱ्या म्हाताऱ्या कोण बघणार? दुसऱ्यांदा म्हणाले, त्या म्हाताऱ्यांत एक मोठी नटी घाला. तिसऱ्यांदा मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, जे बाजाराला हवं तेच करायचं, तर सरकारी वाहिनी हवी कशाला? बाजार आहेच की."

हे मला आवडलं. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

मी म्हटलं, "आणि दोन वर्षांनी हाच सिनेमा घराघरांत फुकट वाटाल. माझ्याकडे कोण येणार मग?"

"फुकट कसा? लोकांच्याच कराच्या पैशाने."

"पूर्वी कायदा होता. बुधवारी, शनिवारी टीव्हीवर सिनेमा दाखवायचा नाही. ते दिवस थिएटरचे. तेवढेच तर उरले होते आम्हाला! तेही काढून घेतलेत."

"तो नियम आम्ही नाही उठवला."

"पण उठल्यावर शनिवारी सिनेमा लावलात की नाही?"

तिने नाक पुसलं. खोटं बोलली नाही, हे कबूल करायला हवं. मग म्हणाली, "गेल्या वर्षी तुम्ही जे फ्रेंच सिनेमे लावलेत, त्यातले किती आमच्यामुळे उभे राहिले, ठाऊक आहे?"

"कसं ठाऊक असणार? मखमल बंद होती!"

ती हसली — मोठ्याने, खोकला लागेपर्यंत. लिओन्सही हसला, मेला. मी नाही हसले.

पण उठताना तिने कोट घातला आणि एकदम सरकारी झाली. "माझ्यावरही माणसं आहेत. तिथे दर वर्षी विचारतात, सिनेमावर एवढा खर्च कशाला? प्रेक्षकांना आमचं नाव तरी दिसतं का? त्यांना मी काय सांगू? या गावात ते झाकतात? नाव दिसणार नसेल तर पहिला खेळ रोदेजला होईल. मला वाईट वाटेल. पण होईल."

"जा मग रोदेजला. रस्ता सरळ आहे."

बुधवार, १ नोव्हेंबर

सर्वसंतांचा दिवस, आपापल्या मेलेल्यांना भेटायचा. शेवंतीची कुंडी घेऊन बाबांकडे गेले. सगळ्या दफनभूमीभर पिवळं-जांभळं. माइलिस तिथेच होती, तिच्या आजीच्या थडग्यापाशी. आजी कारखान्यात अंगठे शिवायची. हातमोज्यात सगळ्यात अवघड काम तेच, बाकी बोटं कोणीही शिवतं.

म्हणाली, "रोदेजचं ठरलं. काल सही केली." डोळे सुजलेले. "मला इथे हवा होता खेळ. तुम्हाला कल्पना नाही किती हवा होता."

"मग त्यांना नाही म्हणायचं होतंस."

"त्यांनीच तर मला हो म्हटलं, मादाम! बाकी कोणी म्हटलं नाही!"

ती ओरडली आणि शेजारच्या थडग्यावरची माणसं वळून बघायला लागली. मी बाबांच्या कुंडीशी उगाच खुडबुड करत राहिले. ती निघून गेली. तिचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि मला इतकं वाईट वाटत होतं की जेवलेच नाही.

रविवार, ५ नोव्हेंबर

लिहू की नको? दोनदा पेन आपटलं. रागाने!

दुपारच्या खेळाला चार डोकी. खेळ संपल्यावर लिओन्स खाली आला, टोपी हातात. तो टोपी काढतो फक्त मयताला. म्हणाला, "आर्लेत, तुला एक सांगायचंय. बस."

बसले नाही.

"झडप मी कधीच लावली नाही."

मला कळेचना. म्हटलं, कसली झडप? म्हणाला, "मशीनची. टीव्हीचं नाव येतं तेव्हा. तू मागे हँडलपाशी असतेस, तुला समोरून दिसत नाही. नाव येतं आणि थेट तुझ्या मखमलीवर पडतं. लाल लाल, चुण्यांमधून हलत. सगळे वाचतात. पहिल्यापासून वाचतात. पोरं त्याला लाल लाट म्हणतात."

"सगळे?"

"सगळे."

"काब्रोलिए?"

"त्याची मुलंसुद्धा."

म्हणजे मी इतकी वर्षं पडद्यामागे काळोखात पहारेकऱ्यासारखी उभी, आणि पुढे सगळं गाव आरामात नाव वाचतंय! मी म्हटलं, "का? माझ्याशी वैर होतं तुझं?"

"वैर कसलं? त्या लोकांनी सिनेमा उभा केला म्हणून माझं मशीन चाललं. खाल्ल्या मिठाला जागावं माणसाने. आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

"बाबांना कळलं असतं तर तुला हाकलला असता!"

तेव्हा त्याने टोपी डोक्यावर घातली. "त्यांना कळलं होतं. एकदा मागच्या रांगेत येऊन बसले होते. पाहिलं. वर आले, आणि मला म्हणाले, छान दिसतं रे. मग म्हणाले, आर्लेतला सांगू नकोस. तिला त्या हँडलने बळ येतं."

हाकलला त्याला. दार आपटलं. काच तडकली आहे.

सोमवार, ६ नोव्हेंबर

लिओन्सशी बोलत नाही. बाबांशीही नाही.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

छान दिसतं म्हणे!

बुधवार, ८ नोव्हेंबर

लिओन्सला निरोप पाठवला (बेकरीवालीकरवी, कारण बोलत नाही): दुपारी रिकाम्या थिएटरात या आठवड्याचा सिनेमा लाव. पहिली पाच मिनिटं. मखमल बंद.

आणि पुढे जाऊन बसले. स्वतःच्याच थिएटरात दिवे जाताना मी खुर्चीत बसल्याचं मला आठवत नाही. खुर्ची खरंच कुरकुरते. पोरीचं बरोबर होतं.

काळोख. वाजंत्री. आणि वरून उजेड आला नि मखमलीवर पडला. अक्षरं चुण्यांत शिरत होती, वर येत होती. मागच्या खिडकीतून वारा येतो ना, त्याने पडदा जरासा हलतो, तो मला मागून नेहमी जाणवायचा. पुढून तो असा दिसतो हे माहीत नव्हतं. लाल रंगाला आतून जाग आल्यासारखं. टीव्हीचं नाव, पण माझ्या मखमलीच्या रंगाचं. माझ्या चुण्यांनी वाकवलेलं. वाजंत्री संपली आणि ते गेलं, आणि मला चुटपुट लागली, की एवढ्यात गेलं?

छानच दिसतं. मेल्यांनो, छान दिसतं!

मग तिथेच बसून विचार केला. नियम बाबांचा म्हणून मी भांडत होते. बाबांनी तर तो केव्हाच सोडला होता. मग हा नियम कोणाचा? माझा. एकटीचा. बरं झालं! आता मेलेल्या माणसाच्या आड लपायला नको. आणि माझा नियम असेल तर तो मी माझ्या अक्कलहुशारीने पाळीन: मखमल नाव गेल्याशिवाय उघडणार नाही. पण नावाने पडावं तिच्यावर खुशाल. तिला शोभतं.

वर ओरडून लिओन्सला म्हटलं, "काचेवर डाग आहे!" डाग नव्हता. पण बोलायला कुठून तरी सुरुवात हवी.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

बेरांझेर ओझानला फोन केला. "तुमच्या करारात काय आहे? नाव प्रेक्षकांना पूर्ण दिसलं पाहिजे, एवढंच ना? कशावर दिसलं पाहिजे, ते आहे का?"

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. "पडदा... कुठला ते नाही लिहिलेलं. का?"

"या आणि बघा. नाव दिसलं नाही तर मी स्वतः सगळ्यांना बसमध्ये घालून रोदेजला आणते. मखमल मात्र मी आधी उघडणार नाही. कोणासाठीही नाही. राष्ट्राध्यक्ष आले तरी नाही."

"ते नाही येणार."

"नशीब त्यांचं."

शनिवार, ११ नोव्हेंबर

ती आली होती. सकाळी युद्धस्मारकापाशी हार घालायचा कार्यक्रम होता, काब्रोलिए पट्टा लावून भाषण करत होता. त्याला वाटलं बाई त्याच्यासाठीच आली. ती सरळ थिएटरात आली. लिओन्सने नाव दाखवलं. ती बघत राहिली. पुन्हा लावा म्हणाली. पुन्हा लावलं.

मग म्हणाली, "आमचं नाव मी हजारदा पाहिलंय. बघायचं सोडूनच दिलं होतं." आणि फोन काढून रोदेजचा खेळ अठरा तारखेच्या पुढे ढकलला. वरच्या माणसांना काय सांगणार, विचारलं. "सांगेन की या गावात ते कोणीच विसरत नाही."

शिल्लक फार्सू बांधून दिले.

रविवार, १९ नोव्हेंबर

काल झाला. सगळं एका दमात लिहिते, नाहीतर सांडेल.

दाराबाहेर माणसंच माणसं. खाटकाच्या बायकोने नवीन गाऊन शिवलाय आणि ती कोणाच्याही आधी रडायला लागली. काब्रोलिएने भाषण केलं, त्यात 'आमच्या गावाची लाडकी मखमल' असं म्हणाला. चिंधी म्हणाला होता ना! मी खाकरले. त्याने भाषण आवरतं घेतलं.

माइलिस माझ्यापाशी आली. "आज हँडल मी फिरवणार. तुम्ही पुढे बसा." मी नाही म्हणणार होते. तिने हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही पुढून बघितलं नाही तर मी हा सिनेमा कोणासाठी केला?"

बसले. तिसरी रांग, बेरांझेरच्या शेजारी. दिवे गेले. वाजंत्री. नाव मखमलीवर आलं आणि पोरं कुजबुजली, "लाट! लाट!" नाव गेलं. मखमल उघडायला लागली — पोरगी हळू फिरवत होती, माझ्यापेक्षा हळू — आणि मागे काय? लालच! पांढऱ्या पडद्यावर लाल, चुण्या चुण्यांचं, वाऱ्याने हलणारं. मला वाटलं, मखमल अडकली. उठणारच होते. मग कॅमेरा मागे सरकला. रंगवून दोरीवर वाळत घातलेली कातडी होती ती, हातमोज्यांची, कारखान्याच्या गच्चीवर. मखमल कुठे संपली आणि तिचा सिनेमा कुठे सुरू झाला, कळलंच नाही. सगळ्या थिएटरने एकदम श्वास घेतला. तो आवाज मी पडद्यामागून कधी ऐकला नव्हता.

आता कळलं तिला इथेच का हवा होता खेळ. पांढऱ्या पडद्यावर आधी नाव दाखवून मग ही कातडी आली असती, तर नुसती कातडी झाली असती. रोदेजला मखमल नाहीच. नंतर मी तिला झापलं, "सांगितलं का नाहीस?" म्हणाली, "करारावर माझी सही होती, मादाम. पडदा झाका असं कोणत्या तोंडाने सांगू? मी नुसती देवाची प्रार्थना करत होते की तुम्ही माझं ऐकू नये."

"आणि थडग्यापाशी ओरडलीस ती?"

"ती तुम्ही खरंच ऐकलं नाहीत आणि खेळ गेला म्हणून."

आणि सिनेमात मध्येच एक तिकीट-खिडकी येते. आत एक बाई हातमोजा शिवत बसलीय, बाहेर कोणी नाही. एक बोट पुरं करते, मान वर करते, रस्त्याकडे बघते, दुसरं घेते. मीच कधीतरी पोरीला सांगितलं असणार. आई! टीव्हीच्या पैशाने माझी आई पांढऱ्या पडद्यावर आली, माझ्याच थिएटरात. बेरांझेरने न बघता रुमाल पुढे केला. तिच्या सर्दीचा होता. घेतला.

लिओन्सला नंतर म्हटलं, "झडप लावली नाहीस ते बरं केलंस." तो म्हणाला, "काय? नीट ऐकू नाही आलं." पुन्हा म्हणणार नाही. चांगलं ऐकू येतं त्याला.

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

आज 'अंगठ्याची शिवण' टीव्हीवर होता. रविवार संध्याकाळ — तीच वेळ. त्या जुन्या रविवारची आठवण नको म्हणून मी खेळच ठेवला नव्हता. दारावर पाटी लावली: आज बंद. लिओन्सकडे जाऊन त्याच्या टीव्हीवर बघायचं ठरवलं होतं. जन्मात पहिल्यांदा. फुआस केक घेतला, कोट घातला, थिएटरचं दार उघडलं.

दारात गाव उभं होतं. सगळ्यांच्या घरी टीव्ही आहेत. सगळे बंद करून आले होते. पुढे बेरांझेर, प्रवासाची बॅग हातात, आणि शेजारी लिओन्स, मशीनच्या खोलीची किल्ली घेऊन. मी म्हटलं, "आज तुमच्या वाहिनीवर आहे ना? मग बघतंय कोण?" म्हणाली, "अख्खा देश. हे गाव सोडून." आणि विचारलं, हँडल कुठल्या बाजूला फिरवायचं.

दाखवलं. पुढे आले. त्या रविवारी एक खुर्ची भरलेली होती. आज एकच रिकामी होती. तिच्यावर जाऊन बसले. कुरकुरली.